पल्लेदार स्वगत कसे बसवावे

प्रश्न विचारणाऱ्या तरुण नटाने पाच-सहा वर्षे एकांकिका स्पर्धांतून काम केले आहे. नाट्यप्रशिक्षणाच्या प्रवेशचाचणीसाठी त्याला एक जुने आणि एक आधुनिक भाषण तयार करायचे आहे. त्याची अडचण अशी : गडकऱ्यांचे किंवा शिरवाडकरांचे भाषण तो जोर लावून म्हणतो तेव्हा ते शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसारखे होते, आणि मित्रांच्या सल्ल्याप्रमाणे ‘सहज’ बोलायला जातो तेव्हा भाषणातला प्राणच निघून जातो. या दोन टोकांच्या मधली वाट कोणती, असे त्याने विचारले आहे.

माझ्या मते मधली वाट शोधण्याची गरजच नाही, कारण ही दोन्ही टोके एकाच दोषातून निघालेली आहेत. दोन्ही प्रकारांत वाक्य शेवटपर्यंत पोचत नाही. मराठी वाक्याचे क्रियापद बहुधा शेवटी येते, म्हणजे बोलणारा काय करतो आहे, मागतो आहे, नाकारतो आहे की कबूल करतो आहे, हे ऐकणाऱ्याला अगदी अखेरच्या शब्दावर कळते. आजच्या एकांकिकेतली वाक्ये चार-पाच शब्दांची असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा जाणवत नाही. पण देवल, खाडिलकर, गडकरी यांच्या नाटकांत एकेक वाक्य चार-चार ओळी चालते, त्यात तीन उपवाक्ये आणि दोन उपमा असतात, आणि ज्याच्यासाठी हा सगळा डोलारा उभारला ते क्रियापद पार टोकाला बसलेले असते. नवखा नट पहिल्याच विशेषणावर सगळा आवाज आणि सगळी भावना खर्च करून टाकतो. क्रियापदापर्यंत येताना त्याचा श्वास संपलेला असतो आणि सूर खाली बसलेला असतो. ‘सहज’ बोलणाराही हेच करतो, फक्त हळू आवाजात.

जुन्या शैलीच्या नमुन्यादाखल मीच रचलेले एक वाक्य घेऊ : ‘ज्या हातांनी मी या घराची दारे माणसांना बंद केली, ज्या हातांनी माझ्याच लेकराच्या तोंडचा घास काढून घेतला, आणि ज्या हातांना आता भरलेला पेला उचलतानाही कंप सुटतो, त्याच हातांत तू पुन्हा या संसाराची दोरी देणार आहेस, देवा?’ शंभरातले नव्वद विद्यार्थी इथे ‘लेकराच्या’ या शब्दावर रडतात. तो शब्द रडण्याजोगा आहे, हे खरे, परंतु तिथे रडले की पुढच्या ‘त्याच’साठी काहीही शिल्लक राहत नाही, आणि या वाक्याचा सांधा तर ‘त्याच’ हा आहे. तीन वेळा आलेला ‘ज्या’ तीन दुःखे सांगत नाही. तो माणूस स्वतःविरुद्ध पुरावा मांडतो आहे. पहिले दोन पुरावे भूतकाळातले आहेत, तिसरा वर्तमानातला आहे, आणि तोच डोळ्यांनी पाहता येतो, म्हणून हाताकडे पाहायचे असेल तर तिसऱ्या उपवाक्यात पाहावे, पहिल्यात नव्हे. शेवटचे ‘देणार आहेस’ हे क्रियापद अविश्वासाचे आहे, आणि तो अविश्वास ऐकू यावा म्हणून वाक्य तिथवर चढत न्यावे लागते. ‘देवा’ हे संबोधन अगदी शेवटी येते, याचाही विचार करावा. पहिल्या तीन उपवाक्यांत तो देवाशी बोलत होता की नाही? की आपण कोणाशी बोलतो आहोत हे त्यालाच शेवटी कळले? या प्रश्नाचे उत्तर नटाने ठरवायचे, आणि ते ठरले की नजर कुठे असावी हा प्रश्न आपोआप सुटतो.

हे माझे शोध नव्हेत. भरताच्या नाट्यशास्त्रात पाठ्याचा, म्हणजे नटाने म्हणायच्या शब्दांचा, विचार करताना काकूचे, म्हणजे अर्थ सुचवणाऱ्या सुराच्या चढउताराचे, दोन प्रकार सांगितले आहेत, साकांक्ष आणि निराकांक्ष. अर्थ अजून पुरा झालेला नाही, काही यायचे आहे, असे सुचवणारा सूर साकांक्ष, आणि अर्थ पुरा झाल्याचे सांगणारा सूर निराकांक्ष. आपल्याकडच्या बहुतेक नटांचे दुखणे या दोन शब्दांत सांगता येते : ते प्रत्येक स्वल्पविरामावर निराकांक्ष होतात. श्रोत्याला वाटते की संपले, म्हणून त्याचे लक्ष सुटते, मग नट ते परत मिळवण्यासाठी ओरडतो, आणि पुढच्या स्वल्पविरामावर पुन्हा तेच घडते. त्याच ग्रंथात उच्च (वरचा सूर), दीप्त (त्याहून चढा), मंद्र (खालचा), नीच (त्याहून खालचा), द्रुत (जलद) आणि विलंबित (संथ) असे पाठ्याचे सहा अलंकार आहेत. त्यांतले कोणते आपण कधीच वापरत नाही, हे प्रत्येकाने स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकून तपासावे. बहुतेकांच्या बोलण्यात दीप्त आणि द्रुत यांची जोडी कायम असते आणि नीच जवळजवळ नसतो.

सरावाच्या दोन रीती मी सर्वांना देतो. पहिलीत समोर एक जोडीदार बसवावा. त्याने प्रत्येक उपवाक्यानंतर फक्त ‘मग?’ एवढेच विचारायचे, आणि तुम्ही पुढचे उपवाक्य त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून द्यायचे. जोडीदाराला ‘मग?’ विचारावेसे वाटलेच नाही, तर तुम्ही वाक्य तिथेच संपवून टाकले आहे असे समजावे. काही दिवसांनी जोडीदाराने गप्प बसावे, पण त्याच्या चेहऱ्यावर तो प्रश्न उमटतो की नाही, हे पाहत राहावे. दुसऱ्या रीतीत संपूर्ण भाषणातली फक्त क्रियापदे, त्याच क्रमाने आणि पूर्ण अर्थ मनात धरून बोलायची. ‘बंद केली, काढून घेतला, कंप सुटतो, देणार आहेस.’ एवढ्यावरून भाषणाचा कणा स्वतःला ऐकू आला पाहिजे. तो ऐकू येत नसेल, तर बाकीचे शब्द कितीही सुंदर म्हटले तरी ते मांस हाडांवाचून राहील.

पाठांतराला घाई करू नये. तोंडपाठ झालेल्या भाषणाला चाल लागते आणि एकदा लागलेली चाल काढणे नव्याने शिकण्यापेक्षा अवघड असते. म्हणून पहिला आठवडाभर पुस्तक हातात ठेवून, वाक्यागणिक ‘हे मी आत्ता का म्हणतो आहे’ एवढेच विचारत वाचावे. मग भाषणाचा आशय स्वतःच्या बोलीत, घरी बोलतो तसा, मालवणीत, वऱ्हाडीत, कोल्हापुरीत, जशी असेल तशी सांगून पाहावा. असे करताना ज्या वाक्यापाशी आपण अडखळतो, तिथला विचार आपल्याला समजलेला नसतो. सगळा आशय आपल्या बोलीत सलग सांगता आला की लेखकाच्या शब्दांकडे परत यावे. तेव्हा लक्षात येते की त्याचे शब्द आपल्यापेक्षा नेमके आहेत, आणि तेच शब्द का हवेत हे पटले की ते लक्षात राहतात.

श्वासाबद्दल थोडेच सांगतो, कारण तो कागदावरून शिकता येत नाही. खांदे वर न उचलता, पोट आणि बरगड्या पसरू देत श्वास घ्यावा, आणि तो शब्द संपले म्हणून न घेता पुढचा विचार सुचला म्हणून घ्यावा. वाक्य एका श्वासात बसत नसेल तर तोडण्याची जागा ठरवून ठेवावी, मात्र ‘ज्या’ आणि ‘त्या’ यांच्या सांध्यावर, किंवा क्रियापदाच्या तोंडाशी, श्वास घेऊ नये. त्याच्या आधीच्या स्वल्पविरामावर चोरून घेतलेला श्वास कोणाच्या लक्षात येत नाही. ही नाटके ध्वनिवर्धक नसलेल्या काळात लिहिलेली आहेत, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा अशा बेताने त्यांतली अक्षरे योजलेली आहेत, म्हणून मोठ्या मोकळ्या जागेत माइकशिवाय त्यांचा सराव केला की वाक्यांची रचना अशी का आहे हे अंगाला कळते. चाचणी लहान खोलीत असेल तर आवाज कमी करावा, पण वाक्याचा पल्ला कमी करू नये.

आता उपमांसारख्या भाषेच्या अलंकारांकडे येतो, कारण गडकऱ्यांची भीती वाटते ती त्यांमुळेच. ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर हा वकील आहे, आणि सनद रद्द झाल्याच्या अपमानातून तो दारूकडे वळतो, हे सर्वांना माहीत असते, पण भाषण म्हणताना त्याचे वकील असणे सगळे विसरतात. त्याच्या मोठ्या भाषणांत उपमेवर उपमा येते, ती शोभेसाठी आली आहे असे समजून म्हटली की कंटाळा येतो. तीच उपमा युक्तिवाद म्हणून म्हणून पाहा. पहिला दाखला समोरच्याला पटला नाही, म्हणून दुसरा द्यावा लागला. दुसराही अपुरा पडला, म्हणून तिसरा. दारू सुटणार नाही हे सुधाकर हळहळत सांगत नाही, तो ते सिद्ध करतो, आणि ज्या बुद्धीने त्याने कोर्टात नाव मिळवले तीच बुद्धी तो स्वतःचा खटला हरण्यासाठी वापरतो. शोकांतिका या ठिकाणी आहे. म्हणून प्रत्येक प्रतिमा नटाला त्या क्षणी सुचलेली दिसली पाहिजे, आणि आधीची कमी पडली याची खंत तिच्यात असली पाहिजे. तीन प्रतिमा एकाच उंचीवर म्हणणारा नट पाठांतर दाखवतो, एवढेच.

टाळीच्या वाक्यांविषयी जाता जाता. जुन्या नाटकांत ती आहेत, ती मुद्दाम लिहिलेली आहेत आणि त्यांची लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र टाळीच्या वाक्याआधी थांबून, छाती भरून, प्रेक्षकांना सूचना देऊन ते म्हणू नये. परीक्षकांना तर ते वाक्य पाठच असते.

स्वगत कोणाला उद्देशून बोलायचे, हा पुढचा प्रश्न. संस्कृत नाट्यपरंपरेने यात फार बारीक भेद केलेले आहेत. कोणालाही ऐकू जाऊ नये असे ते स्वगत. इतरांना वगळून एका पात्राशी बोललेले ते जनान्तिक आणि अपवारित. समोर नसलेल्या व्यक्तीशी, तिचे बोलणे जणू ऐकू येते आहे अशा रीतीने चालवलेले ते आकाशभाषित. आजच्या नटाला यांतला आकाशभाषिताचा प्रकार सर्वांत उपयोगी पडतो, कारण मराठी नाटकांतली बहुतेक दीर्घ स्वगते प्रत्यक्षात कोणाशी तरी चाललेले भांडण असतात : देवाशी, मेलेल्या बापाशी, आपल्याच हाताशी, समोरच्या गर्दीशी. संहितेत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आणि सगळी संबोधने पेन्सिलीने अधोरेखित करावीत. भाषणात तीनदा ऐकणारा बदलत असेल, तर तीन वेगळ्या जागा ठरवाव्यात, आणि मधल्या ज्या ओळींत कोणीच ऐकणारे नाही त्याही ओळखाव्यात. खऱ्या अर्थाने एकट्याने बोललेल्या अशा ओळी थोड्या असतात आणि भाषणातल्या सर्वांत नाजूक त्याच असतात. समोर बसलेल्या परीक्षकाच्या डोळ्यांत पाहून त्यालाच देव किंवा बाप करू नये. तो टिपणे घ्यायला खाली पाहतो आणि तुमचा देव नाहीसा होतो.

‘नटसम्राट’विषयी वेगळे सांगणे भाग आहे, कारण चाचणीला येणाऱ्या मुलांपैकी निम्मी तरी तेच घेऊन येतात. 23 डिसेंबर 1970 रोजी पहिला प्रयोग झाला तेव्हापासून डॉ. श्रीराम लागूंचा आवाज त्या शब्दांना इतका चिकटलेला आहे, आणि 2016 च्या चित्रपटानंतर त्यावर नाना पाटेकरांचा दुसरा थर असा चढला आहे, की नट संहिता वाचायला बसला तरी त्याच्या कानात ती वाचतो दुसराच कोणीतरी. माझा सल्ला असा की पहिल्या भाषणासाठी ते निवडू नये. निवडायचेच असेल, तर बसवून होईपर्यंत एकही ध्वनिमुद्रण ऐकू नये, आणि अप्पा बेलवलकर हा निवृत्त नट आहे ही गोष्ट केंद्रस्थानी ठेवावी. तो दुःखात असताना जुन्या भूमिकांचे शब्द त्याच्या तोंडी येतात. हॅम्लेट आणि ऑथेल्लो त्याने रंगवलेले आहेत, ती भाषा त्याला स्वतःच्या भाषेपेक्षा सोपी जाते. तेव्हा कुठे अप्पा बोलतो आहे, कुठे भूमिका बोलते आहे आणि कुठे भूमिकेच्या आडून अप्पाच बोलतो आहे, या तीन रेषा आखल्याशिवाय ते भाषण म्हणू नये. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने म्हाताऱ्याचा थरथरता आवाज काढण्याची तर काहीच गरज नाही. परीक्षक तुमचे वय पाहतच असतात.

शेक्सपिअर मराठीतून करायचा असेल तर आधी अनुवाद निवडावा लागतो, आणि ही निवड अभिनयाची असते. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’ 1883 साली ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले आणि पुढे गणपतराव जोशी त्या भूमिकेसाठी गाजले. देवलांचा ‘झुंझारराव’ हा ‘ऑथेल्लो’वरून 1890 साली आला. या जुन्या रूपांतरांची भाषा आज म्हणायला जड जाते, पण वाक्याचा पल्ला शिकायला ती उत्तम आहे, म्हणून सरावासाठी ती वापरावी. सादरीकरणासाठी नाना जोगांचा ‘हॅम्लेट’, शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ (म्हणजे ‘मॅक्बेथ’) आणि ‘ऑथेल्लो’ किंवा विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ घ्यावा. मूळ इंग्रजी समजत असेल तर शेजारी ठेवावे, मात्र इंग्रजी नटांचे ठेके मराठी वाक्यावर लादू नयेत. इंग्रजीत क्रियापद लवकर येते आणि कर्म पुढे लांबत जाते, मराठीत त्याच्या उलट घडते. त्यामुळे जोर पडण्याच्या जागा जुळतच नाहीत, आणि यूट्यूबवर पाहून केलेले मराठी हॅम्लेट नेमके याच ठिकाणी खोटे वाटते.

उच्चारांत तीन गोष्टी मी काटेकोरपणे तपासतो. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ वेगळे ऐकू आले पाहिजेत. ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चंद्र’मधला ‘च’ एक नव्हे, तसेच ‘जग’ आणि ‘जय’ यांतल्या ‘ज’चे. आणि संस्कृत जोडाक्षरे गिळली जाता कामा नयेत. जुनी छापील प्रत वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘मीं’, ‘केलें’, ‘घरांत’ अशी जी टिंबे दिसतात, त्यांतली पुष्कळशी व्युत्पत्तीमुळे दिलेली आहेत, ती नाकातून उच्चारायची नाहीत. मुले ती इमानदारीने उच्चारतात आणि सगळे भाषण सर्दी झाल्यासारखे ऐकू येते. मात्र लेखकाने ‘करावे’, ‘म्हणावे’ अशी रूपे योजली असतील तर ती परस्पर बोलीत बदलू नयेत, कारण त्यांच्या दीर्घ अंत्य स्वरावरच वाक्याची लय टेकलेली असते.

हातांचे काय करायचे, असे सगळे विचारतात. पहिले पंधरा दिवस काहीच करू नये. हात बाजूला सोडून, पाय जमिनीवर घट्ट ठेवून भाषण म्हणावे. शब्दांनी जे सांगता आले नाही तेवढ्यासाठीच हात उठू द्यावा, आणि उठला तर पूर्ण उठू द्यावा. कोपरापासून लोंबणारे अर्धवट हातवारे हे विचार अर्धवट असल्याचे लक्षण आहे. रडण्याविषयीही हेच. सुधाकर काय, अप्पा बेलवलकर काय, हे लोक रडू नये म्हणून बोलत असतात. बोलणे थांबले तर कोसळू, म्हणून वाक्य लांबते. नट रडायला लागला की बोलण्याचे कारणच संपते. पॉज घ्यावेत, पण मोजके, आणि वाक्याच्या आत घेतलेला पॉज साकांक्ष असावा, म्हणजे त्या शांततेतही श्रोता पुढच्या शब्दाकडे झुकलेला राहील.

मुलींना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. संगीत नाटकांतल्या नायिकांच्या भूमिका पुरुष नटांसाठी लिहिल्या गेल्या होत्या, आणि त्यांतले सोसणे आजच्या मुलीच्या तोंडी अनेकदा बेगडी वाटते. ‘एकच प्याला’तली सुधाकरची बायको सिंधू जरूर करावी, परंतु खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई त्याहून जास्त शिकवते, कारण ती राघोबाचे मन वळवते आहे, तिला प्रत्येक वाक्यातून काहीतरी मिळवायचे आहे. आधुनिक भाषणासाठी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या लीला बेणारेचे शेवटचे दीर्घ भाषण पुष्कळजणी घेतात आणि ते योग्यच आहे. तिथे मात्र कौशल्य उलटे लागते. वाक्ये तुटक आहेत, सूर क्षणाक्षणाला बदलतो, उपहासातून कबुलीत आणि कबुलीतून पुन्हा उपहासात जावे लागते, आणि हे बदल आधीपासून दिसता कामा नयेत. जुन्या नाटकातले लांब वाक्य ज्यांनी पेलले आहे त्यांना ही तुटकता सोपी जाते, उलट क्रमाने शिकणाऱ्यांना जुने भाषण नेहमी जड वाटत राहते, म्हणून दोन्हींपैकी जुने आधी बसवावे.

शेवटी चाचणीपुरते. वेळ बहुधा दोन-तीन मिनिटांचा मिळतो, तेव्हा भाषण कापावे लागतेच. कापताना अख्खी वाक्ये काढावीत, वाक्याच्या आतले उपवाक्य काढू नये, आणि विशेषतः ‘जर–तर’, ‘जो–तो’, ‘जेव्हा–तेव्हा’ यांपैकी एक काढून दुसरे ठेवू नये. भाषणाचा प्रसिद्ध भाग वगळून त्याच्या आधीचा किंवा नंतरचा तुकडा निवडला तरी चालते, बऱ्याचदा ते फायद्याचेच ठरते. सुरुवात करण्यापूर्वी नाटकाचे नाव आणि प्रसंग एका वाक्यात सांगावा, मग समोरच्या पात्राने नुकतेच काय म्हटले आहे ते मनात ऐकावे आणि त्याला उत्तर म्हणून पहिला शब्द बोलावा. मध्ये विसरलात तर माफी मागून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. ज्या विचारावर अडलात तो स्वतःच्या शब्दांत पुरा करून पुढच्या वाक्यावर या. परीक्षक याच नाटकातला प्रसंग बदलून ‘हेच भाषण आता झोपलेल्या मुलाशेजारी बसून म्हणा’ असे काहीतरी सांगण्याची शक्यता असते. म्हणून घरीच आठ-दहा वेगवेगळ्या परिस्थितींत ते म्हणून पाहावे, अगदी भांडी घासताना आणि जिना चढतानासुद्धा.